पहाटे गार पडलं की गाडी सुरू होईना, नवी बॅटरी टाकून पण तेच

गोदाकाठचा (गंगाखेड)

नमस्कार मंडळी. रोज वाचतो, लिहित नाही, पण आता अडलंय म्हणून विचारायलोय. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, कॉमन रेल इंजिन, रनिंग सव्वा लाखाच्या पुढं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की निम्मी चर्चा कुठली कंपनी चांगली यावरच जाते अन् मूळ मुद्दा राहतो बाजूला.

तर दिवाळीनंतर गार पडायला लागल्यापासून पहाटे गाडी सुरू व्हायला लई रडवायलीय. आमचं घर गावाच्या कडेला, नदी जवळ, गाडी उघड्यावर लिंबाखाली उभी असते, सकाळी काचेवर दव एवढं की वायपर मारल्याशिवाय पुढचं दिसत नाही. साडेपाचला चाबी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार) एकदम जड फिरतो, घर्र... घर्र... असा, मधीच दम सोडतो, परत मारला की परत तेच, लई वेळा मारल्यावर एकदाची पेटते. पेटल्यावर अर्धा मिनिट नुसती थडथड, मागनं पांढरा धूर, अन् त्याला कच्च्या डिझेलचा वास. मग आपोआप शांत होते अन् दिवसभर काही नाही. दुपारी उन्हात उभी करून चार तासांनी मारा, अर्ध्या सेल्फला चालू.

बॅटरीवाल्यानं सांगितलं बॅटरी गेली, म्हणून नवी टाकली. थोडे दिवस बरी वाटली, थंडी वाढली की परत जैसे थे. मग एका मेस्त्रीनं सांगितलं सेल्फ बदला, दुसऱ्यानं सांगितलं पंप-इंजेक्टरचं काम हाय, पंधरा-वीस हजार धरून चाला. मीटर कोणीच लावला नाही, सगळं निदान कानानंच. आईला अधूनमधून तपासणीला पहाटेच परभणीला न्यावं लागतं, त्या दिवशी शेजाऱ्याला झोपेतून उठवून धक्का मारायची पाळी यायलीय. सुरुवात नेमकी कुठून करावी? घरी मल्टिमीटर हाय, विहिरीवरच्या मोटारीसाठी घेतलेला, वापरता येतो.

हुरडापार्टी (परभणी)

आमच्याकडं कृषी विद्यापीठात पारा पाच-सहावर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो ठरलेला. माणसंच आठशिवाय सुरू होईना झालीत, गाडीनं काय पाप केलंय हाहा. रात्री बोनेटवर घोंगडी टाकून बघा, आमचे आजोबा जीपवर टाकायचे.

देवगिरी८४ (छत्रपती संभाजीनगर)

हा सगळा प्रताप इथेनॉलचा आहे. ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून माझ्या ओळखीतल्या सगळ्यांच्या गाड्या सकाळी नाटकं करायल्यात. पंप बदलून बघा, दुसऱ्या कंपनीचं टाका.

नांदेडचावायरमन (नांदेड)

देवगिरी दादा, त्यांची गाडी डिझेल हाय ना. ई-२० पेट्रोलमध्ये असतं, डिझेलच्या टाकीशी त्याचा काय संबंध. इथेनॉलची गारठ्यात पेट्रोलएवढी सहज वाफ होत नाही हे खरं हाय, पण ते भांडण वेगळं.

गोदाकाठचा भाऊ, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, निम्मं निदान त्यातच झालं. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून कोणी आलं की मी आधी एवढंच विचारतो, सेल्फ हळू फिरतो, का नेहमीसारखा फिरून पण इंजिन पेटत नाही. ह्या दोन वेगळ्या बिमाऱ्या हायेत अन् लोकं दोन्हीला एकच औषध द्यायलेत, बॅटरी. सेल्फ हळू फिरत असेल तर करंटचा रस्ता बघायचा, म्हणजे बॅटरी, टर्मिनल, जाड केबली, अर्थिंग (इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला जाणारी केबल), सेल्फचे कार्बन अन् बुश, अन् इंजिनमधलं ऑइल. सेल्फ जोरात फिरून पण पेटत नसेल तर मग डिझेल, हीटर प्लग (गार इंजिन पेटायच्या आधी आतून तापवणारे), सेन्सर इकडं जायचं. रात्रीतून लाइनीत हवा शिरून डिझेल मागं टाकीत उतरलेलं असलं तरी असंच होतं, सेल्फ मस्त फिरतो पण लई वेळ घेतो. तुमचा सेल्फ जड हाय, म्हणजे पंप-इंजेक्टर आत्ताच उतरवायचं काही कारण मला तरी दिसत नाही.

आता धूर. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून तापवायची अन् तिच्यात डिझेल फवारायचं एवढाच खेळ. सेल्फ हळू फिरला की दाबलेली हवा तापायच्या आत तिची ऊब गार लोखंड खाऊन टाकतं, थोडी हवा रिंगातनं पण निसटते. वरून तुमचं कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरला डिझेल देणारी एकच नळी, त्या रेलमधलं प्रेशर एका ठराविक पातळीला गेल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडत नाही, अन् पंप फिरवतं कोण, इंजिनच. म्हणजे नुसता सेल्फ जड असला तरी पेटायला उशीर अन् पांढरा धूर दोन्ही दिसतं. हीटर प्लग पण गेलेले असू शकतात, पण ते नंतर, आधी सेल्फ.

बॅटरीवाल्याचं एकदम चूक म्हणत नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ तापमान, त्यात बोनेटखालची वेगळी भट्टी, पाणी उडतं, आतल्या प्लेटी खराब होतात. बॅटरी मरते उन्हाळ्यात, तेरावं घालतो आपण डिसेंबरात, कारण गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते अन् नेमकं तेव्हाच इंजिन जास्त मागतं. पण तुमची नवी हाय अन् तरी तेच रडगाणं, म्हणून आता मीटर काढा.

सकाळी गाडीला हात लावायच्या आधी बॅटरीवर व्होल्ट बघा. १२.६ म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. मग घरातल्या कोणाला तरी चाबी मारायला बसवा अन् सेल्फ फिरत असताना परत बघा, ९.६ च्या खाली जायला नको. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. आता खरी टेस्ट, ही कोणी करत नाही. लाल टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर, काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंट्यावर, अन् सेल्फ मारायचा. मीटर ०.२-०.३ च्या आसपास राहिला तर अर्थिंग चांगलं, ०.५ च्या वर गेला की तिथं करंट अडायलाय. असंच प्लसच्या बाजूला, लाल बॅटरीच्या प्लसवर, काळं सेल्फच्या जाड नटावर. हे सगळं सेल्फ फिरत असतानाच बघायचं, नुसतं उभ्या गाडीवर मीटर शून्यच दाखवणार अन् तुम्हाला वाटणार सगळं बरोबर हाय.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, अन् गळ्यातला मफलर काढून ठेवा बरं का, वाकून बघताना इंजिनच्या पट्ट्यात जातो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधी अर्धा मिनिट थांबा, नाहीतर चांगला सेल्फ पण जाळून बसाल.

पिंपळपार (बीड)

मला तर डिझेल गोठायलंय असं वाटतंय. पूर्वी ट्रकवाले थंडीत इंजिनच्या ऑइल चेंबरखाली बोळा पेटवून ठेवायचे, मगच गाडी घ्यायची. नाहीतर ते स्प्रे मिळतात बघा, एअर फिल्टरच्या पाइपात फुस्सकन मारला की एका सेल्फला चालू.

बालाघाट (अंबाजोगाई)

पिंपळपार दादा, हीटर प्लगवाल्या इंजिनात तो स्प्रे अजिबात मारू नये. त्यात बहुतेक ईथर असतं, ते गरम प्लगला लागलं की पिस्टन वर यायच्या आधीच भडका होतो, रिंगा तुटल्या की आख्खं इंजिन खोलावं लागेल. आणि चेंबरखाली बोळा पेटवायचा, तर आताच्या गाडीखाली प्लास्टिकची कव्हरं, वायरिंग, डिझेलचे पाइप, सगळं एकाच जागी आहे. नको.

डिझेल गोठण्याचं म्हणाल तर आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही हो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंपावर जे डिझेल येतं त्याचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही ते तापमान) ३ अंशांपेक्षा जास्त नसावा असं मानकच आहे, उन्हाळ्यातल्या डिझेलला हीच मर्यादा १५ अंशांची. फिल्टर चोंदण्याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश. आणि टाकीतलं तीस-चाळीस लिटर डिझेल रात्रभरात बाहेरच्या हवेइतकं गार होतही नाही. खरी गोठायची अडचण लडाखला, तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारं वेगळं डिझेल काढलं. शिवाय मेण धरून फिल्टर चोंदला तर गाडी चालू होऊन पुढे रस्त्यात दम टाकते, इथे उलटं आहे, एकदा पेटली की दिवसभर तक्रार नाही.

गोदाकाठचा भाऊ, मला एक सांगा, शेवटच्या सर्व्हिसिंगला ऑइल कुठलं टाकलं? आमच्याकडे हीच भानगड होती. "गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाकू" म्हणून मेस्त्री परस्पर २०डब्ल्यू-४० टाकतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका मोठा तितकं ते गारठ्यात जड. ५डब्ल्यूवालं ऑइल उणे ३० अंशांवर तपासतात आणि २०डब्ल्यूवालं उणे १५ वर, आपल्या सात-आठ अंशांत फरक तेवढा मोठा पडत नाही हे मान्य, पण सेल्फ आधीच अशक्त असेल तर तेवढंही जड जातं. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच टाका. आणि सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबून धरा, म्हणजे गिअरबॉक्समधलं थंड ऑइल घुसळायचं काम तरी सेल्फच्या अंगावर येत नाही. ब्लोअर, हेडलाइट, टेप सगळं बंद.

घोंगडीबद्दल: रात्री दहाला उभी केलेली गाडी पहाटेपर्यंत घोंगडीखाली गरम राहत नाही, फक्त उंदरांची सोय होते. आमच्या शेतातल्या गाडीची वायर त्यांनीच कुरतडली.

हुरडापार्टी (परभणी)

घोंगडी मागे घेतो ताई.

गोदाकाठचा (गंगाखेड)

सगळ्यांचे आभार. आज पहाटे पोराला उठवून चाबीवर बसवलं, त्याची कुरकुर वेगळीच. आकडे लिहून घेतलेत:

उभ्या गाडीत बॅटरी १२.५
सेल्फ मारताना बॅटरीवर १०.६
मायनस खुंटा ते इंजिन, सेल्फ मारताना १.५
प्लस खुंटा ते सेल्फचा नट ०.३
चालू झाल्यावर १४.१

मला वाटलं होतं बॅटरी साफ खाली बसेल, पण १०.६ म्हणजे चांगलंच दिसायलंय. मग सेल्फ जड कामून? अन् अजून एक, मागच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर दिला होता, तरी पण तसाच जड होता, म्हणूनच मेस्त्री म्हणला सेल्फ गेला.

ताई, ऑइल २०डब्ल्यू-४० च हाय, डबा अजून कोपऱ्यात पडलाय. अन् पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय.

नांदेडचावायरमन (नांदेड)

घावला चोर. १.५ बघा की. बॅटरी १०.६ द्यायलीय, त्यातले दीड व्होल्ट अर्थिंगमधी अन् ०.३ प्लसमधी गेले, सेल्फच्या तोंडात पडले ८.८. उपाशी माणूस पोतं उचलंल का.

हे ध्यानात ठेवा, कोणत्याही गाडीला चालतंय. सेल्फ हळू फिरतो अन् बॅटरीचं व्होल्टेज पण धपकन पडतं, तर बॅटरी कमजोर नाहीतर सेल्फ आत जाम. पण सेल्फ हळू फिरतो अन् बॅटरीचं व्होल्टेज मात्र वरच टिकून राहतं, तर बॅटरी द्यायला तयार हाय, रस्त्यात कोणीतरी अडवायलंय. तिथं कितीही नवी बॅटरी टाका, काही होणार नाही. थोडे दिवस बरी वाटली त्याचं कारण एवढंच, की बॅटरी बसवताना केबल हलली, टर्मिनल घासलं गेलं.

जंपरचं पण तेच. काळा चिमटा तुमच्या बॅटरीच्या मायनसला लावला असणार. करंट शेवटी त्याच सडक्या अर्थिंगमधूनच जाणार ना. काळा चिमटा नेहमी इंजिनच्या लोखंडाला लावायचा, बॅटरीजवळ ठिणगी नको हे एक कारण, अन् दुसरं हे.

आता खात्री करून घ्या, खर्च शून्य. तीच जंपर केबल आणा, फक्त काळी वापरा. एक चिमटा तुमच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडाला, इंजिन उचलायचा हूक असतो बघा तिथं घट्ट बसतो. पट्ट्यापासून लांब. म्हणजे जुन्या अर्थिंगला तात्पुरता बायपास रोड झाला. मग सेल्फ मारा. एकदम सुटला तर सेल्फ चांगला हाय, त्याला हात लावू देऊ नका कोणाला.

गोदाकाठचा (गंगाखेड)

वायरमन भाऊ, सकाळी साडेपाचला बाहेर इतकं धुकं की लिंबाचं खोड दिसंना, अन् चिमटा लावून चाबी मारली तर सेल्फ असा सुटला की पोरगंच दचकलं. दुसऱ्या सेल्फला चालू! पांढरा धूर मात्र तसाच हाय, अन् थडथड पण थोडी हायच.

दुपारी खाली वाकून अर्थिंगची केबल शोधली. बॅटरीच्या मायनसवरून निघते अन् गिअरबॉक्सवर एका बोल्टला बसलीय. वरून बघितलं तर सगळं ठीकठाक, बोल्ट पण घट्ट. पण खोलली तर खाली काळ्या मातीचा वाळलेला थर, त्याच्याखाली हिरवट-पांढरी भुकटी, अन् वरचं रबर मागं सरकवलं तर आतल्या तारा काळ्या पडलेल्या, बोटानं चोळल्या की तुटून हातात येऊ लागल्या, निम्म्या-अर्ध्याच जागेवर होत्या. पावसाळ्यात शेतातल्या रस्त्यानं जाणं-येणं असतं, ती माती खालून धुतली तरी तिथं सापटीत राहतच असणार अन् ओल धरत असणार.

नवी केबल कशी घ्यावी, नुसती साफ करून चालंल का?

नांदेडचावायरमन (नांदेड)

साफ करून चालणार नाही, तारा गेल्यात. तेवढ्याच जाडीची नाहीतर एक नंबर जाड तांब्याची केबल घ्या, दोन्ही टोकाला थिंबल (बोल्टात बसणारी कडी) दाबून घ्या, दुकानात हायड्रॉलिक प्रेसवर दाबून देतात, हातोडीनं ठोकलेलं घेऊ नका. खोलताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, बसवताना मायनस शेवटी. गिअरबॉक्सवरची जागा काचपेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, रंग-गंज काही राहायला नको, लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस नाहीतर व्हॅसलीन, आधी मधी लावू नका. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी असंल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशनं धुवा, ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. इंजिनपासून बॉडीला एक छोटी पट्टी असते, ती पण त्याच हातानं बघून घ्या.

अन् हीटर प्लग आता बघा. चाबी ऑन केल्यावर स्प्रिंगसारखी खूण पेटते ना, ती विझेपर्यंत थांबता का? ती विझली म्हणजे प्लग चांगले असा काही नियम नाही, लई गाड्यांत एक-दोन प्लग मेले तरी दिवा आपला वेळेवर पेटतो अन् विझतो. स्कॅनर लावला तर पी०६७१ ते पी०६७४ यातला कोड येऊ शकतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पण तुमच्याकडं मीटर हायच. प्लगावरची वायर काढा, मीटर ओहमवर, एक टोक प्लगच्या शेंड्याला, दुसरं इंजिनला. साधारण एक ओहमच्या आसपास दाखवलं तर जिवंत, काहीच दाखवलं नाही तर गेला. एकसारखे आकडे यायला पाहिजेत, एखादा वेगळा आला की संशय धरायचा. बॅटरीतून डायरेक्ट १२ व्होल्ट देऊन लाल होतो का बघायचा नाद करू नका, आजकालचे काही प्लग कमी व्होल्टचे असतात, क्षणात उडतात.

गोदाकाठचा (गंगाखेड)

केबल झाली. परभणीहून करून आणली, केबल अन् मजुरी मिळून हजाराच्या आत. मायनस ते इंजिन आता ०.१ दाखवायलंय. सेल्फ पहाटे पण दुपारसारखाच फिरतो.

पण एक कोडं हाय. आधी सेल्फ मारताना बॅटरी १०.६ दाखवायची, आता १०.१ वर येते. बिघडलं का काही?

हीटर प्लग बघितले, चारपैकी दोन एकदम बंद, मीटर हलतच नाही.

नांदेडचावायरमन (नांदेड)

बिघडलं नाही. आता सेल्फला पोटभर करंट जायलाय म्हणून बॅटरीवर ओढ आली, आधी रस्ताच बंद होता तर बॅटरीला कष्ट कुठले. ९.६ च्या वर हाय, निवांत राहा.

प्लग चारही बदला, दोन नवे दोन जुने असं ठेवलं तर पुढच्या थंडीत परत हेच. गाडीच्या नंबराप्रमाणेच घ्या, दिसायला सारखे असले तरी व्होल्ट अन् लांबी वेगळी असते. अन् काढायचं काम अनुभवी हातानंच करून घ्या. आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं, सकाळी इंजिन गरम करून मगच पाना लावायचा, अडला तर मागं-पुढं हळूहळू. जोर लावून तुटला अन् शेंडा आत पडला तर हेड उतरवावं लागतं. ज्यानं पंधरा-वीस हजार सांगितले होते ना, तेवढे मग खरंच लागतील.

बालाघाट (अंबाजोगाई)

आणि त्याच वेळी डिझेल फिल्टरच्या बुडाचा नट सैल करून पाणी काढून घ्या, थंडीत टाकीत दव धरतं. टाकी अर्ध्याच्या वर ठेवली की ते कमी होतं. ऑइल बदलायची वेळ आली की पुस्तकातलं टाका, आत्ता लगेच काढून फेकायची गरज नाही.

गोदाकाठचा (गंगाखेड)

प्लग बदलून आणले. एक काढताना लई अडला होता, मेस्त्रीनं घाई केली नाही, चहा पिऊन आला अन् मग काढला. आज सकाळी गाडीखालची फरशी ओली होती एवढा गारठा, पण खूण विझली, चाबी मारली, चालू. धूर नाही. आई म्हणली आज शेजाऱ्याला का नाही उठवलं.

तेरणाकाठ (धाराशिव)

हा धागा वाचूनच विचारतोय, माझी पेट्रोल-सीएनजी गाडी आहे, सकाळी हीच तऱ्हा. येळवशीला (वेळ अमावस्येला) सगळं खटलं घेऊन शेतात जायचंय, भज्जी अन् आंबिलीची भांडी गाडीतच, त्याआधी नीट व्हायला पाहिजे. पेट्रोल मी नेहमी रिझर्व्हलाच ठेवतो, चालवतो सगळी गॅसवर, पेट्रोल शेवटचं कधी टाकलं आठवत पण नाही. अन् हल्ली सुरू झाल्यावर गॅसवर जायलाही जास्त वेळ लावते. बॅटरी बदलू का?

बालाघाट (अंबाजोगाई)

थांबा, बॅटरी नको. गाडी गॅसची असली तरी सकाळी सुरू पेट्रोलवरच होते. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या आसपास दाबलेला असतो, रिड्यूसरमध्ये तो दाब एकदम उतरला की ती जागा बर्फासारखी गार पडते, म्हणून तिथे इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं, आणि ते पाणी पुरेसं तापेपर्यंत किट गॅसवर जात नाही. थंडीत त्याला वेळ लागणार, तो बिघाड नाही.

बिघाड तुमच्या टाकीत आहे. पेट्रोलचा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो, रिझर्व्हला तो अर्धा उघडा पडतो आणि तळातला गाळ ओढतो. महिनोन् महिने पडलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून गेलेला असतो, थंडीत सुरू व्हायला नेमका तोच लागतो. आणि इथे मात्र देवगिरी दादांचा मुद्दा लागू पडतो, इथेनॉल पाणी ओढतं, रिकाम्या टाकीत दव धरलं की ते पाणी त्यातच मिसळतं. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, ताजं पेट्रोल भरा आणि रोज चार-पाच किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, इंजेक्टर चिकटत नाहीत.

देवगिरी८४ (छत्रपती संभाजीनगर)

नोंद घ्यावी मंडळींनी.

नांदेडचावायरमन (नांदेड)

तेरणाकाठ दादा, सेल्फ कसा फिरतो ते सांगितलं नाही तुम्ही. जोरात का जड?

तेरणाकाठ (धाराशिव)

सेल्फ एकदम जोरात फिरतो, पण पकडत नाही. चौथ्या-पाचव्यांदा पकडते अन् पेट्रोलचा वास येतो.

नांदेडचावायरमन (नांदेड)

मग बॅटरी, केबल काही बघू नका. आधी ताईंनी सांगितलं तसं ताजं पेट्रोल टाका. चाबी ऑनवर दोन सेकंद धरा, मागच्या सीटखालून पंपाचा घूं आवाज येतो का ऐका, बंद करून परत ऑन करा, मग सेल्फ मारा, म्हणजे लाइनीत प्रेशर भरलेलं असंल. तरी नाही पकडली तर स्पार्क प्लग काढून बघा, सीएनजीत प्लग लवकर झिजतात अन् गॅप वाढतो, वाढलेल्या गॅपला सकाळी ठिणगी पडायला जड जातं. चारही प्लग ओळीनं मांडून फोटो टाका, टोकं ओली हायेत का कोरडी तेवढं आधी सांगा.